सतरा साक्षीदार आणि एक विहीर

देवपूर, धुळे
९ डिसेंबर १९५९

तीर्थस्वरूप नाना यांच्या पायांवर लीलाधरचे डोके. (डोके इकडे धुळ्यात असले तरी भाव तिकडे पोचला असे समजावे.) आम्ही सर्व खुशाल आहोत. थंडीने तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूंनी पाठवलेले कळण्याच्या भाकरीचे पीठ व ठेचा पोचला. त्यातला बोटभर ठेचा आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना दिला. ते पुण्याकडचे आहेत. त्या दिवशी त्यांनी दुपारचे दोन्ही तास घेतले नाहीत, पण काकूंबद्दल आदर मात्र व्यक्त केला.

पत्र लिहिण्यास विशेष कारण असे काही नाही. यंदा प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझ्यावर नवे काम टाकले आहे. मुलांनी निबंध लिहायचा तर त्यातली माहिती कुठून आणली हे खाली लिहावे, आणि ती आणण्याआधी पारखून घ्यावी, हे मी शिकवायचे. पहिल्या खेपेला सव्वीस निबंध आले. एकाने आधार म्हणून ‘न्हाव्याच्या भिंतीवरचे कॅलेंडर’ असे लिहिले होते, दुसऱ्याने ‘आत्याचे सासरे’, आणि बाकीच्या चोवीस जणांनी एकमेकांची नावे. त्यांना ग्रंथालयात पाठवावे तर तिथे तोताराम. तोताराम आमचा ग्रंथपाल. माणूस प्रामाणिक, परंतु पुस्तक न वाचल्यास जास्त टिकते असे त्याचे मत आहे, आणि कपाटाची किल्ली त्याच्या कडदोऱ्याला असते. म्हणून मी मुलांना पुस्तकांऐवजी चार प्रश्न दिले. हे कोण सांगतो? केव्हा सांगितले? त्याला कसे कळले? आणि असे सांगण्यात त्याचा फायदा काय?

नाना, हे चार प्रश्न तरुण मुलांच्या हाती देऊ नयेत. खाणावळीच्या ताईबाईंना त्यांनी तूप गावरान असल्याचा आधार विचारला, तेव्हा आठ दिवस कोणालाच तूप मिळाले नाही (मीही तिथेच जेवत होतो, घरची मंडळी माहेरी होती). भाईदास नावाचा आमचा विद्यार्थी आहे, त्याने स्वतःच्या जन्मतारखेचा शोध घेतला, तर शाळेच्या दाखल्याप्रमाणे तो आपल्या थोरल्या भावापेक्षा पाच महिन्यांनी मोठा निघाला. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, मास्तर घाईत होते, मी नांगरावर होतो, दोघांनी मिळून एक तारीख ठरवली. आता थोरल्याचे लग्न जमते आहे, आणि मुलीकडचे विचारतात की थोरला नक्की कोणता.

पुढचा विषय मुलांनी आपला आपण निवडावा म्हटले, तर यशोदा नावाच्या मुलीने निवडली पारोळ्याच्या रस्त्यावरची आपली (तुमची-माझी) विहीर. वर्गात मुली तीनच. त्यांतली ही सर्वांत कमी बोलते आणि सर्वांत जास्त लिहून घेते. तुम्ही पंचायतीतर्फे तिथे सव्वीस जानेवारीला ‘कै. पुना पाटील यांनी बांधली’ असा दगड बसवणार आहात, हे तिने कुठेसे ऐकले होते. मला आनंदच झाला. पणजोबांची विहीर! लहानपणी तुम्ही मला खांद्यावर बसवून तिथे नेत असा आणि पणजोबांनी दुष्काळात स्वतः पहिली कुदळ कशी मारली ते सांगत असा. पहिल्या कुदळीला तुम्ही मला दर वेळी खांद्यावरून थोडे उडवत असा, ते अजून आठवते.

यशोदा आणि भाईदास दोन रविवार बसने गावी जाऊन आले. (तुम्ही तेव्हा जळगावला होता, म्हणून भेट झाली नाही.) सतरा माणसांनी एकमुखाने सांगितले की विहीर पुना पाटलांचीच. मी म्हटले, झाले, सतरा साक्षीदार म्हणजे निबंध पुरा. त्यावर तिने वही उघडली. प्रत्येकाला तिने विचारले होते की तुम्हाला हे कोणी सांगितले. सतराच्या सतरा जणांचे उत्तर एकच होते : नानांनी. तेव्हा सर, ती म्हणाली, साक्षीदार एकच आहे.

अठरावी भेटली ती मारुतीच्या पारामागे राहणारी भिकुबाई. वय पंच्याऐंशी, दात नाहीत, शंकाही नाही. ती म्हणाली, “हाई विहीर झुंबरबाईनी बांधेल शे. मनी सासू तठे माटी वाहे. तुमना नाना तवय पायनामा बी नव्हता.” (म्हणजे तुम्ही तेव्हा पाळण्यातही नव्हता.) मी ताबडतोब सांगितले की भिकुबाईचे आणि आपल्या घराचे बांधावरून तीस वर्षे वाकडे आहे, तेव्हा तिचे काय धरायचे! यशोदाने तेही लिहून घेतले. शिवाय भिकुबाई त्या वेळी सात वर्षांची व माहेरी होती, म्हणजे तिचेही ऐकीवच, असे तिने माझ्या आधीच लिहिले होते. मग तीच म्हणाली की कचेरीत कागद असेल.

कागद होता. यशोदा, भाईदास आणि मी असा तिघांचा अर्ज करून आम्ही पारोळ्याच्या कचेरीत गेलो. दप्तरखान्यातले रुपचंदभाऊ तीस वर्षांत प्रथमच कोणीतरी जुना कागद मागितला म्हणून इतके हरखले की त्यांनी स्वतः चहा मागवला आणि मोडी वाचून दाखवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीचा अर्ज. झुंबरबाई नावाच्या विधवेचा. तिचा नवरा चैत्रात कापसाची गाडी घेऊन जाताना त्या रस्त्यावर उन्हाने पडला होता आणि पाणी दोन कोसांवर होते. तिने दागिने मोडून आपल्याच जमिनीत, वाटसरूंसाठी विहीर खणण्याची परवानगी मागितली होती.

आणि नाना, पणजोबांची सहीही त्या कागदांत आहे. हरकतदार म्हणून. ‘सदरहू विहिरीने माझ्या मळ्याचे पाणी तुटेल, सबब परवानगी देऊ नये.’ त्यावर बाईंचा जबाब एवढाच : पाटलांच्या घरच्या बायाही याच वाटेने माहेरी जातात. मामलेदाराने हरकत फेटाळली. वाचून झाल्यावर रुपचंदभाऊंनी चष्मा पुसला आणि आम्ही तिघे थंड झालेला चहा प्यालो.

आता खरे सांगतो. बसची वाट पाहत असताना मी यशोदाला म्हटले, निबंध उत्तम झाला आहे, फक्त ते हरकतीचे पान सोडून दे, विषयाला त्याची गरज नाही. भाईदास लगेच दुसरीकडे पाहू लागला. यशोदा म्हणाली, “सर, रागावणार नसाल तर चौथा प्रश्न तुम्हांला विचारू का?”

मी रागावलो नाही. रागवायला काही हाती लागले नाही. देवपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो, आणि पूल ओलांडताना तिला म्हटले, पान राहू दे. घरी येऊन जेवलो नाही (तूप आता मिळते, तरीही). सारखे वाटत होते, तुम्हाला काय तोंड दाखवू? मग वाटले, पणजोबांना तुम्ही तरी कुठे पाहिले होते? तुम्हीही कोणाच्या तरी खांद्यावर बसूनच ऐकले असेल.

एकोणीस तारखेला स्नेहसंमेलनात यशोदा हा निबंध वाचणार आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी परवानगी दिली. तुम्ही यावे, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवतो. काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
लीलाधर

ता. क. : पत्राला विशेष कारण नाही असे वर लिहिले ते खरे नाही. दगडावर झुंबरबाईंचे नाव घालावे, ही विनंती आहे. तुम्ही सांगितलेत तर गावात कोणी ब्र काढणार नाही. दुसऱ्या कोणी सांगितले तर दहा वर्षे भांडण चालेल.

ता. क. दुसरा : भिकुबाईलाही समारंभाला बोलवावे. बांधाचा विषय त्या दिवशी दोन्ही बाजूंनी काढू नये.

ता. क. तिसरा : हे आधी लिहायला हवे होते, पण हात धजला नाही. मी गुरुवारी पारोळ्याला पाथरवटाकडे जाऊन आलो. नाव बदलायचे म्हटल्यावर त्याने विचारले, कोण म्हणतो? माझ्या तोंडून निघून गेले, नाना म्हणतात. त्याने पुढे एक शब्द विचारला नाही, नवा दगड घेऊन बसला. तरी तुम्ही कृपा करून तसे म्हणावे, आणि शक्य तितक्या लवकर म्हणावे. मी निघालो तेव्हा ‘झुं’ कोरून झाला होता, अनुस्वारासकट.