सोडियमची रिकामी बांगडी

उचगाव, १४ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कांना सा. न. वि. वि.

संयोगिता दिवाळीची सुट्टी संपवून मुरगूडहून सुखरूप आली. तुमचा चिवडा दोन दिवसांत संपला. तुम्ही आठवीला विज्ञान शिकवता, मी बी.एस्सी. होऊन घरी बसले, हे खरं. पण अणू मीही तिला जूनमध्ये शिकवला होता. मध्ये केंद्रक, भोवतीच्या कवचांत इलेक्ट्रॉन, सगळं वहीत आखून. तेव्हा तिनं जांभया दिल्या. आता ताटात शेंगदाणे मांडून ती आम्हाला कवचं दाखवते आणि वर म्हणते, आत्यासारखं तुला जमत न्हाय, आई. हे हसले. मीही हसले. नंतर डायरीत लिहिलं, की आक्कांचा राग आला. मग स्वतःला विचारलं, की त्यांनी केलं काय?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही दोघींनी केलेलं मॉडेल तिकडेच राहिलंय, ते ह्यांच्याबरोबर पाठवावं. लोभ आहेच, यंदा जरा तिखट आहे इतकंच.

आपली,
अस्मिता

मुरगूड, २ डिसेंबर

चि. सौ. अस्मिताला अ. उ. आ.

गुरूजवळ मॉडेल दिलंय. कागलच्या कारखान्यातून थेट आला, बहिणीकडं चहाही नको म्हणाला. फळीवर मीठ मांडलंय, सोडियम आणि क्लोरीन. माझ्या लहान, मध्यम, मोठ्या बांगड्या म्हणजे कवचं, हिरवे मणी म्हणजे इलेक्ट्रॉन. संयोला सगळं ठाऊक हाय, तू हात लावू नकोस.

तू जळतेस ते कळलं. जळ की, पण वेळेवर जेव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

मीनाक्षी

उचगाव, १२ डिसेंबर

ती. आक्कांना सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता येईना. मॉडेल आल्यावर मी मणी मोजले. सोडियमचे इलेक्ट्रॉन अकरा : दोन, आठ, एक. तुमच्या सोडियमची मोठी बांगडी रिकामी, मणी दहाच. क्लोरीनचे सतरा हवेत, तिथे अठरा. खरं लिहिते, मला आनंद झाला. तुमची चूक सापडली म्हणून. संयोला विचारता आलं असतं, पण ती तुमची बाजू घेऊन भांडली असती. म्हणून गुपचूप क्लोरीनचा एक मणी खरवडून सोडियमच्या बांगडीत चिकटवला. बक्षीस मिळालं की सांगायचं ठरवलं होतं, की आत्याची चूक मी सुधारली.

प्रदर्शनात मी मागे उभी होते. परीक्षकांनी विचारलं, की हे दोघं जोडले का गेले. ती न अडखळता सांगू लागली, की सोडियमनं बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन देऊन टाकला, म्हणून तो धन झाला. क्लोरीननं तो घेऊन आठ पूर्ण केले, म्हणून तो ऋण झाला. आता दोघं एकमेकांना ओढतात. बोलता बोलता तिनं सोडियमच्या मोठ्या बांगडीवर बोट ठेवलं. तिथं मणी होता. ती थांबली ती थांबलीच. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले.

तुम्ही बंध झाल्यानंतरचं मांडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी दोघांना पुन्हा सुटं केलं होतं. घरी येऊन ती मला काहीच बोलली नाही. मीही अजून कबूल केलेलं नाही. रागवा, पण उत्तर लिहा.

अस्मिता

मुरगूड, १७ डिसेंबर

चि. सौ. अस्मिताला अ. उ. आ.

मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. संयोचा फोन आला. मण्याभोवती भसाभस फासलेला डिंक बघून तिनं ओळखलं, की हे आईचं काम. तुझी पाकिटंही मला कात्रीनंच उघडावी लागतात. पण वर म्हणाली, आत्या, आईला बोलू नको, तिला लय वाईट वाटंल. मी व्हय म्हणाले आणि फोन ठेवला. पंधरा दिवस मी शिकवलं, खाऊ घातलं, आणि पोरगी पाठीशी घालते ती तुला. जळायचं कुणी, ते आता तूच सांग.

मणी तू लावू नकोस, तिला लावू दे. आणि ती सांगेल ते ऐक, मध्ये दुरुस्ती न करता.

मीनाक्षी

उचगाव, २२ डिसेंबर

ती. आक्कांना सा. न. वि. वि.

काल तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊक हाय. सुरीच्या टोकानं मणी काढून तिनं तो क्लोरीनच्या बांगडीत बसवला, अगदी थोड्या डिंकात. मग मला समोर बसवून पहिल्यापासून शिकवलं. मी मध्ये बोलले नाही. आत्या म्हणते, असं ती अकरा वेळा म्हणाली. मी मोजलं. प्रत्येक वेळी जळले, आणि पुढचं ऐकलं.

पाकीट बेतानं चिकटवलंय. कात्री लागली तर कळवा.

आपली,
अस्मिता