कासवासाठी ऊब

बाबा, गेला महिनाभर मी तुमच्यावर चिडले आहे, आणि तेही एका कासवापायी. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आता चिडून काय मिळणार, असं मी स्वतःला समजावते. पण हातात स्क्रूड्रायव्हर घेतला की पुन्हा तोच राग वर येतो. म्हणून लिहायला बसले आहे.

कासव म्हणजे आपल्याकडे विहिरीत सोडतात तसलं नव्हे. हे आफ्रिकेतल्या कोरड्या रानातलं, जमिनीवर राहणारं. तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या नातवाने, माझ्या मुलाने, कॉलेजात असताना ते आणलं, तेव्हा बशीत मावत होतं. आता ते अठ्ठावीस किलोचं आहे आणि नातू परदेशात नोकरीला आहे. तुम्ही माझं लग्न लावून दिलंत ती लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. त्यात सतराव्या मजल्यावर आम्ही दोघं आणि हे कासव. गॅलरीत सकाळभर ऊन यायचं, कासव त्यात पाय पसरून पडायचं, कुणालाच काही करावं लागत नसे. मग समोर दुसरा टॉवर उभा राहू लागला. मजल्यावर मजला चढत गेला आणि एक दिवस आमच्या गॅलरीतलं ऊन संपलं. आम्ही म्हटलं, चला, उन्हाळ्यात बरं होईल. कासवाचा विचार कुणाच्या मनातही आला नाही.

या जानेवारीत थंडी पडली आणि त्याने खाणं सोडलं. जास्वंदीची पानं, गवत, आवडता भोपळा, सगळं समोर तसंच सुकून जाई. नाकातून पाणी यायला लागलं, श्वास घेताना शिटीसारखा बारीक आवाज. नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, सिंपल आहे गं. त्याला ऊब पाहिजे. वरून एक हीटिंग बल्ब लाव." आमचे हे म्हणाले, "मुंबईत हीटर? कुणाला सांगू नकोस, हसतील लोक." मी बल्ब आणला आणि कासवाच्या पाठीवर हातभर अंतरावर टांगला. ते त्याच्याखाली चार दिवस हलेना, तेव्हा मला वाटलं, आवडलं वाटतं. पाचव्या दिवशी त्याला कपडे भिजवायच्या टबात घालून, दोघांनी उचलून टॅक्सीत ठेवलं आणि माटुंग्याच्या, प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टॅक्सीवाला सारखा मागे वळून विचारत होता, "काटेगा क्या, मॅडम?" ते बिचारं डोळेही उघडत नव्हतं.

मला मुलगी असती तर डॉक्टरीणबाई तिच्या वयाच्या. त्यांनी माझा हात धरून आधी कवचावर ठेवला, मग पोटाखाली सरकवला. वर अजून कोमट होतं, खाली फरशीसारखं गार. "काकू, इथे हा पांढरा डाग दिसतोय ना? हे भाजलंय. बल्ब एकाच जागी तापवतो. एवढ्या मोठ्या प्राण्याची पाठ भाजते आणि बाकीचं अंग थंडच राहतं. त्याला सगळीकडून सारखी ऊब पाहिजे, दिवसरात्र. छाती भरलीय त्याची. इंजेक्शनं मी देईन, पण घर गरम झालं नाही तर इंजेक्शनांचा उपयोग नाही." मी मान डोलावली. परत येताना टॅक्सीत मी त्या डागाकडेच बघत होते. मुकं जनावर, मी त्याला भाजत होते आणि ते निमूट बसून होतं.

त्यानंतर जे जे केलं ते सगळं चुकलं. खोली तापवायचा पंख्यावाला हीटर आणला, तर हवा इतकी कोरडी झाली की आम्हालाच खोकला लागला, आणि सोबत गीझर लावला की मेन स्विच पडायचा. इलेक्ट्रिशियन आला, भिंतीवर थाप मारून म्हणाला, "ताई, ही लाइन एवढा लोड नाय घेणार." फरशीवर गोधडी घातली, ती कासवाने ओली करून ठेवली. नातू रोज फोनवर नवी लिंक पाठवायचा. एका दुपारी तो म्हणाला, "आई, नाही जमत तर देऊन टाक ना कुणाला तरी. तुझं वय आहे का हे करायचं?" मी फोन कट केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा फोन असा कट केला.

आणि तेव्हा तुम्ही आठवलात. परळच्या मिलचं बॉयलर हाऊस. मी बारा वर्षांची, तुमचा डबा घेऊन आले आहे, दादा माझ्या आधीच आत आहे. शनिवारची शाळा सुटली की तुम्ही त्याला बोलावून घ्यायचात, काम दाखवायला. दारातूनच धग तोंडावर येते. मी एक पाऊल आत टाकते आणि तुम्ही ओरडता, "थयच उभी रव! चेडवांचा काम नाय ह्या." मुलींचं काम नव्हे, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. आत तुम्ही दादाला वाफेच्या पाइपाजवळ नेता. पाइपाला पांढरं जाड वेष्टण गुंडाळलेलं आहे, एका जागी ते सुटलंय. तुम्ही दादाला सांगता, हाताची पाठ जवळ धर, तळहात नको, तळहाताला कळत नाही. जिथे झळ लागेल तिथून ऊब पळते. मग म्हणता, "आदी भोका बुजय, मगे कोळसो घाल." दादा जांभई देतो. त्याचं लक्ष घड्याळाकडे आहे, त्याला क्रिकेटला जायचंय. आणि मी दारात, हातात डबा धरून, एकेक शब्द ऐकते आहे. जेवताना मी विचारलं, मला दाखवाल का. तुम्ही मासळीचा काटा काढत म्हणालात, "तुका काय करूचा हा? तू चूल बघ." तुम्ही रागावला नव्हतात, हे मला आजही जास्त लागतं. रागावला असतात तर निदान भांडता आलं असतं.

माझ्या लग्नात तुम्ही मला पाच पुडांचा स्टीलचा डबा दिलात. तुमच्या हत्यारांची पेटी दादाला. मिल बंद पडली तेव्हा तुम्ही ती खांद्यावरून घरी आणली होतीत, दर दिवाळीत एकेक पाना तेल लावून पुसायचात. परवा मी विरारला दादाला फोन केला. म्हटलं, पेटी चार दिवस देतोस का, मला एक काम आहे. तो म्हणाला, "अगं, ती कधीच भंगारात दिली. गंजली होती. तुला कशाला पाहिजे?" मी म्हटलं, काही नाही. आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळी भांडी उगाचच पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी मी शिवणाचा ब्राऊन पेपर काढला. तीस वर्षं शाळेत पोरींना शिवण शिकवलं आहे, माप घेणं मला कळतं. कासवाचं माप घेतलं, त्याला आत वळता यावं एवढी जागा धरली आणि झबलं बेततात तसा एक खोका बेतला. सुताराकडून प्लायवूड कापून आणलं. दोन फळ्यांच्या मध्ये थर्माकोल, छतालाही थर्माकोल, आणि तळ फरशीपासून चार बोटं उचललेला, कारण खरा चोर फरशी होती. दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. आत तेलाचा हीटर, कासवाचा धक्का लागू नये म्हणून जाळीआड, आणि ठरावीक ऊब झाली की आपोआप बंद करणारं यंत्र. इलेक्ट्रिशियनने वेगळी लाइन ओढून दिली. तरीही पारा सव्वीसच्या वर जाईना. यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "अजून एक हीटर लावायचा का?" मी "नको" म्हटलं ते इतक्या जोरात की त्यांनी पेपर खाली ठेवला. मग मी खोक्याच्या चारी बाजूंनी गुडघ्यांवर फिरले, हाताची पाठ फळ्यांच्या जवळ धरून. मागच्या कोपऱ्यात झळ लागली. वायर आत घ्यायला मीच पाडलेलं भोक होतं. ते बुजवलं. दुपारपर्यंत पारा तीसवर गेला.

कासव आत जायला तयार नव्हतं, हेही सांगायला हवं. दोन दिवस त्याने डोक्याने एक फळी ढकलून खिळखिळी केली. शेवटी हे आले, बनियनवर, आणि आम्ही दोघांनी साठीच्या उंबरठ्यावर त्या दगडाला मागून ढकलत आत घातलं. "सासरी चाललेल्या मुलीसारखं करतंय," हे म्हणाले. मी हसले नाही. पण ते गेले नाहीत, तिथेच पाट घेऊन बसले. अकराव्या दिवशी त्याने जास्वंदीचं एक पान ओढलं आणि सावकाश चावलं. आम्ही दोघंही श्वास रोखून बघत होतो. शिटीचा आवाज हळूहळू गेला. पाठीवरचा डाग मात्र राहणार आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तो असाच.

तुमच्यावरचा राग कमी झाला असं समजू नका. खोका जमला म्हणून तर वाढलाच. मला जमत होतं, बाबा. बारा वर्षांची होते तेव्हाही जमलं असतं. एवढं साधं, हात धरून दाखवलं असतंत तर माझं आयुष्य कदाचित दुसऱ्याच रस्त्याने गेलं असतं, आणि नसतं गेलं तरी निदान मला उंबऱ्याच्या आतली धग तरी कळली असती. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं. लग्न झाल्यावर वर्षभर तुम्ही होतात, दर रविवारी मी यायची, आणि मी दर वेळी माशांच्या भावावर बोलून परत गेले.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, मुलाला तर नाहीच. तरी एक गोष्ट लिहून टाकते. काल डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. खोक्यात हात घालून बघितला, पट्ट्या हलवल्या, तळ बघितला, आणि म्हणाल्या, "काकू, इतकं नीट काम कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. बॉयलरवर होते ते. मला जवळ घेऊन सगळं दाखवायचे." अगदी सहज बोलून गेले. त्या निघून गेल्या तरी मी ते दुरुस्त केलं नाही, आणि पुन्हा कुणी विचारलं तर बहुतेक हेच सांगेन.