कोडीचं पाणी कुठे जातं

बसवनगुडी,
रविवार

प्रिय अण्णा,

कागदावर लिहितेय म्हणून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. विकिपीडियावर तुझ्या चर्चापानावर लिहिता आलं असतं, पण ते कुणीही वाचू शकतं, आणि तू तीन आठवडे तिकडे फिरकलेला नाहीस. तिथे 'सायकलस्वार' या नावाने लिहिणारा म्हणजे तू, हे मला गुरुवारी कळलं. पद्मावतीवहिनीचा फोन आला होता. "तुझ्या अण्णानं सायकल पुसून भिंतीला लावून ठेवलीय गं," म्हणाली. "चार वर्षं एक रविवार चुकवला नाही, आता घरात बसून फॅनकडे बघतो. कोण की शहाणं बेंगळूरात बसून म्हणालं म्हणे, ह्या तळ्यांना काही महत्त्व नाही, पुसून टाका. मी म्हटलं, सरी, जाऊ दे की, तर उठला जेवत्या पानावरून." मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला.

मग तळ्यांवरचे तुझे बावीसही लेख वाचले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बहुतेक आठ-दहा ओळींचे आहेत. गावाचं नाव, बांधाची लांबी तुझ्या पावलांत, बांधावर कुठली झाडं. आणि शेवटी प्रत्येक वेळी एकच प्रकारचं वाक्य, 'कोडीचे पाणी अमुक तळ्यात जाते.' भरलेल्या तळ्याचं जादा पाणी बांधाच्या कडेने जिथून बाहेर पडतं, ती कोडी. हे वाक्य तू कधीच गाळलेलं नाहीस. फक्त एका लेखातून दुसऱ्या लेखात जायचा दुवा तू कुठेच दिला नव्हतास. बावीस पानं, एकालाही दुसऱ्याचा पत्ता नाही.

म्हणून काल सकाळी मी एक साचा केला. तू साचे वापरत नाहीस, म्हणून सांगते. ती एक लहानशी चौकट असते. एकदा तयार करायची आणि प्रत्येक लेखाच्या तळाशी लावायची. आपल्या साच्यात दोनच रकाने आहेत, वरचं तळं आणि खालचं तळं. दोन्ही मी तुझ्या शेवटच्या वाक्यांवरून भरले. काम यांत्रिक होतं, जेवणाआधी संपलं. मग तपासायला सगळ्यात वरचं तळं उघडलं आणि 'खालचं'वर टिचकी मारली. हुणसेकेरे आलं. परत खालचं. परत खालचं. कुठेतरी चूक निघेल अशी माझी खात्री होती. दोन तळी एकमेकांतच पाणी सोडत असतील, किंवा फिरून वरच्याच तळ्याशी येऊ. ऑफिसात मी दिवसभर प्रोग्रॅममधल्या अशाच चुका शोधते. एकही निघाली नाही.

तरी विश्वास बसेना, म्हणून प्रत्येक बांधाची समुद्रसपाटीपासूनची उंची काढली. नऊशे बत्तीस, नऊशे एकोणतीस, नऊशे सत्तावीस. बावीस आकडे, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. एके ठिकाणी फरक जेमतेम एक मीटरचा आहे, पण आहे. मी उठून गॅलरीत गेले. ही तळी खोदणाऱ्यांनी एकमेकांना पाहिलंही नसेल. कुणी दोनशे वर्षांपूर्वीचा, कुणी पाचशे. प्रत्येक गावाला वाटलं असेल, आपण आपल्यापुरतं तळं खोदलं. पण दर वेळी कुणीतरी वरच्या गावाच्या कोडीवर उभं राहून पाणी कुठे जातंय ते बघितलं, आणि तिथे कुदळ मारली. त्याच जागी तू उभा राहिलास, एकामागून एक, आणि दिसलं तेवढंच लिहिलंस. एका लेखात तू लिहिलं होतंस, 'झुडपे फार, पाणी कुठे वळते दिसले नाही, परत जाऊन पाहीन.' पानाचा इतिहास उघडला तर पाच आठवड्यांनी तू ते वाक्य बदललेलं. इतका खरेपणा माझ्या कामातही मला फार कमी भेटला आहे.

लहानपणी घरात सगळे म्हणायचे, देवानं हिला डोकं दिलं आणि ह्याला पाय. मी हसायचे. तूही हसायचास, म्हणून मला कधी वेगळं काही वाटलं नाही. मी नऊ वर्षांची असताना तू मला एका कोडीवर नेलं होतंस. पाण्यात पान सोडून म्हणालास, हे आता खालच्या गावात जाणार. मी विचारलं, कशावरून? तू म्हणालास, "स्वल्प थांब की गं, चल, बघूनच येऊ." मला गृहपाठ होता. मी आले नाही.

अण्णा, लेख वगळण्याची ती सूचना मी लावली होती. लहान, संदर्भ नसलेले, कुठूनही दुवा नसलेले लेख शोधणारा एक प्रोग्रॅम मी लिहिला आहे. त्याने यादी दिली आणि मी बावीस पानांवर एकदमच सूचना डकवली. चार मिनिटं लागली. एकही लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचला नव्हता. काल ती मागे घेतली आणि चूक माझी होती हे तिथे खऱ्या नावानिशी लिहिलं. संदर्भही शोधतेय, जुन्या सर्वेक्षण नकाशात अकरा तळी सापडली. लेख राहतील. पण बाविसाव्या तळ्याच्या साच्यात 'खालचं' म्हणून बिदरकट्टे या तळ्याचं नाव लाल अक्षरांत दिसतं, कारण ते पान अजून कुणी लिहिलेलं नाही. माझी सूचना आली नसती, तर त्या रविवारी तू तिथेच गेला असतास. उपग्रहाच्या चित्रावरून मी ते दहा मिनिटांत लिहू शकते. लिहिलं नाही. वरून मला नुसतं पाणी दिसतं, ते कुठे जातं हे दिसत नाही. हे पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी पहिल्या बसने मी तुमच्याकडे आनेकलला येतेय. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. तू निघालास तर मी मागून चालेन. नाही म्हणालास, तर ते नाव लालच राहू दे. दुसऱ्या कुणी ते पान लिहिलेलं मला बघायचं नाही.

तुझीच,
संहिता