उलटी बाजू

३ मार्च
खालच्या खोलीत भांडण. दाढी ओरडला, "मग बंदच करून टाक ना सगळं!" – आणि दार आपटून गेला. लेकीचा आवाज नाही आला. बिचारी!

कंपनीत माणसं दोनच, लेक आणि हा भागीदार. (दाढी म्हणते ते फक्त इथे, वहीत.) क्रिप्टोचे पैसे ठेवायचं वॉलेट बनवतात, फोनमधलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे – 'आमचा सगळा कोड खुला आहे. कोणीही वाचून पाहावा.' ते मराठी माझं. तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली, तेवढं जमतं.

तेच वाचून वेणीने निवृत्तीचे पैसे त्यात ठेवले. शाळेतली माझी बाकावरची शेजारीण ती, अजून वेणीच म्हणते मी तिला. म्हणाली, "तू वाचलंयस ना? मग झालं!"

वाचलं होतं खरंच. कोड कळत नाही, पण मधे मधे साध्या इंग्रजीत टिपा असतात. त्यातली अकरा स्पेलिंगं मी सुधारली. कॉन्व्हेंटचं इंग्रजी कुठे कामाला येईल, नेम नाही.

५ मार्च
दाढी चहाला वर आला. कोड अजून खुलाच आहे ना, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणे, "काकू, खुला ठेवला तरी वाचतंय कोण? लोक बटण दाबतात आणि मोकळे होतात." आणि हसला. मला नाही आवडलं ते हसणं.

६ मार्च
लेक जेवताना म्हणाली, "मेहनत आमची, आणि लोक कोड उचलून आपलं नाव लावतात. कुलूप लावलं तर काय चुकलं, आई?"
हे तिचे शब्द नाहीत. कोणी शिकवलेत ते कळतंय मला!

८ मार्च
दाढीने नवा फोन घेतला. भारीतला.

११ मार्च
शिवणाच्या सिस्टर आठवल्या. भरतकाम कितीही सुरेख असो, त्या रुमाल आधी उलटा करायच्या. "पुढची बाजू सगळ्यांचीच छान असते, बाळ." वेणीच्या रुमालामागे गाठीच गाठी! मी माझा चांगला रुमाल तिच्याकडे सरकवला, आणि छडी मी खाल्ली. आज तिचा फोन आला होता. पैसे 'मजेत आहेत' म्हणाली, जसे काही माहेरी गेलेत.

१४ मार्च
तोंडावरच विचारलं दाढीला – तुम्ही काही लपवताय का? चहाचा कप खाली ठेवला त्याने. मग म्हणाला, "काकू, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच ताडून बघा."

कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. खुला कोड घ्यायचा, आपल्या कॉम्प्युटरवर त्याचं ॲप बांधायचं. शेवटी चौसष्ट अक्षरांचा ठसा निघतो. लोकांना दिलेल्या ॲपचा ठसा कंपनीच्या पानावर आहेच. दोन्ही एकच हवेत. "टिपा धरत नाहीत, पण कोडातला एक स्वल्पविराम हलला तरी सगळा ठसा बदलतो," म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा! म्हातारीला हे जमणार नाही, हे ठाऊक आहे त्याला.

१५ मार्च
लेकीला कागद दाखवला. "आई, कशाला डोकं शिणवतेस? त्याच्या नादी लागू नकोस." दमलीय फार. डोक्याला तेल लावून दिलं. लहानपणी मांडीवर डोकं ठेवल्याबरोबर झोपायची. आज डोळे उघडेच होते.

१७ मार्च
दोनदा केलं, दोनदा फसलं. लाल अक्षरांत इंग्रजी शिव्या देतं हे यंत्र.

एक मात्र आठवत राहिलं. छापखान्यात मी सही केलेलं प्रूफ एक होतं आणि छापलं गेलं दुसरं. खिळे जुळवणाऱ्याने मागाहून ओळ बदलली होती. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही प्रूफ वाचलंत. छापलेलं पान कुठे वाचलंत?"

वेणीच्या फोनात आहे ते छापलेलं पान. मी वाचलं ते प्रूफ!

१८ मार्च, सकाळ
जमलं! ठसा निघाला. दोन्ही कागदावर उतरवले, खाली पट्टी धरली, बोटाने एकेक अक्षर. प्रूफं तपासायच्या सवयीने शेवटून सुरुवात केली.

पहिल्याच अक्षराला अडले. पुढेही जुळेना. ठसा पुन्हा पहिल्यापासून काढला. तेच. आत वेगळं काय आहे ते मला कळत नाही. वेगळं आहे, एवढं कळतं. सापडलास, दाढ्या!

१८ मार्च, दुपार
पानावर ठशाखाली बारीक ओळ आहे – ॲप कोणी बांधलं, सही कोणाची. चष्मा पुसून वाचली.

दाढीची नाही. माझ्या लेकीची.

वेणीला फोन केला. म्हटलं, आजच्या आज काढून घे. "का गं? तू वाचलंयस ना?"
म्हटलं, आत्ता वाचलं.