चुकीच्या खांद्याची निरवानिरव

मी, लायल एरिक ओस्टरगार्ड, वय वर्षे एकवीस, धंदा गेल्या गुरुवारपर्यंत शिक्षण व त्यानंतर काही नाही, राहणार मिसेस झेलेन्का यांच्या घराचा वरचा मजला, हॅरो फॉल्स, मिनेसोटा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. प्राध्यापक पेल यांचं मत वेगळं आहे, पण ते या कागदाचे पक्षकार नाहीत. मी प्यालेलो नाही, मला कोणी धमकावलेलं नाही. प्रेमात मात्र आहे. त्याने मृत्युपत्र रद्द होतं असं कायद्यात कुठे सापडलं नाही.

हा खटाटोप अशासाठी की सोमवारी मी अलास्काला सॅमन माशांच्या बोटीवर कामाला निघतो आहे. कप्तान फोनवर म्हणाला, "बुटाचं माप सांग, आणि बुडालास तर सामान कुणाला द्यायचं ते लिहून ये. मागल्या खेपेला एकाच्या ॲकॉर्डियनवरून दोन भाऊ धक्क्यावर एकमेकांची डोकी फोडत होते."

कलम १. माझी हिरवी सायकल बर्नार्ड टकर याला द्यावी. पुढचा ब्रेक लागत नाही, घंटी उत्तम आहे. ही भरपाई समजावी. कशाची, ते खाली.

कलम २. या कलमात देणं काही नाही, सांगणं आहे. आमच्या कॉलेजात लॉरेल मंडळ आहे. दर वर्षी गुणांनी पहिले बारा जण त्यात घेतात. घेण्याची रीत अशी: एप्रिलमध्ये एका दुपारी, सगळं कॉलेज जेवायला बसलेलं असताना, जुने सभासद काळे झगे घालून आत शिरतात. प्रत्येकाच्या खिशात एका नावाची चिठ्ठी. त्या नावाच्या माणसामागे उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "ऊठ, तुझी जागा आमच्यात आहे." एकदा पडलेला हात मागे घेता येत नाही. ऐंशी वर्षांचा नियम.

मीही जुन्या सभासदांतला; माझ्या चिठ्ठीत बर्नार्ड होता. बर्नार्डच्या शेजारी विनिफ्रेड टॉलिव्हर होती. गणिताची विनी, तेरावी आलेली, एका गुणाच्याही अंशाने हुकलेली. ती बटाट्याचं सूप पीत कशाला तरी हसत होती. मी तीन वर्षं तिला सिनेमाला चल म्हणायला जीभ उचलू शकलो नव्हतो. हात मात्र उचलला गेला, आणि तिच्या खांद्यावर पडला.

विनी उठली. रडली. आईला फोन केला. छातीवर मंडळाचं सोन्याचं पान लावून चार दिवस मिरवली. पाचव्या दिवशी तिला चिठ्ठीतलं खरं नाव कळलं. तिने पान काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"लायल, तुला मला सिनेमाला न्यायचं होतं ना?"

"हो."

"मग सिनेमाला विचारायचंस, गाढवा! आता मी खरोखर पहिली आले तरी लोक म्हणतील, लायलने हात लावला म्हणून आली."

कलम ३. प्राध्यापक पेल, मंडळाचे सल्लागार, यांना माझं कॉलेजचं ओळखपत्र द्यावं. ते त्यांच्याकडेच आहे, मी त्यांच्या कॉफीच्या कपात बुडवून आलो. ते म्हणाले होते, "मिस्टर ओस्टरगार्ड, चिठ्ठी वाचताना डोळ्यांची चूक झाली असं लिहून द्या, प्रकरण मिटेल." मी म्हटलं, "सर, डोळे ठणठणीत आहेत. उलट तेवढेच ठणठणीत होते." पदवीला सहा आठवडे उरले होते. कपात बुडवल्याचा मला पश्चात्ताप नाही. कॉफी गरम होती हे मात्र कबूल करतो.

कलम ४. वॉफल भाजायचं भांडं, दगडफुलांवरची माझी सातशे टिपणं आणि लोकरीचे मोजे खोलीतला भिडू डेझमंड याला. टिपणं वाचली नाहीत तरी चालेल, फेकू नयेत.

कलम ५. माझी देवदाराची होडी विनिफ्रेड टॉलिव्हर हिला. तसंच पुढील निवेदन माझ्या मृत्यूनंतर जेवणघरात, ऐन दुपारी, मोठ्याने वाचावं: "विनीने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं मी तिला काहीतरी देतोय. प्रत्यक्षात तिची स्वतःची मेहनत मी तिच्या हातून काढून घेतली. चूक तिच्या गुणांत नव्हती, माझ्या हातात होती. विनी, माफ कर."

हे कलम लिहायला मला चार कागद लागले.

साक्षीदारांबाबत. हे शेवटी लिहीत आहे कारण इथे घोटाळा झाला. डेझमंड पेन उघडून बसला होता. मिसेस झेलेन्का वीस वर्षं वकिलाकडे टंकलेखक होत्या. त्या म्हणाल्या, "थांब. ज्याला काही मिळतं त्याने सही केली, तर त्याचा वाटा गेलाच म्हणून समज."

"वॉफलचं भांडं जाणार?" डेझमंडने पेन बंद केलं. "लेका, मैत्री आपल्या जागी."

"मी चालते," मिसेस झेलेन्का म्हणाल्या. "तीन वर्षं तुझा चिखल पुसला, माझ्या नावे एक चमचासुद्धा नाही. मस्त जमवलंस, पोरा!"

दुसरा साक्षीदार आणायला डेझमंड खाली गेला आणि कोणाला घेऊन वर आला ते सहीवरून दिसेलच. तिने उभ्या-उभ्या सगळं वाचलं. कलम दोन वाचताना भुवई वर. कलम तीनला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं. पाचपाशी फार वेळ लागला. लाजेने माझ्या कानांतून वाफ निघत होती.

"पेन द्या," ती म्हणाली.

"सही केलीस तर होडी गेली बघ," मिसेस झेलेन्का.

"ऐकलं मी जिन्यात."

वरील सर्व मजकूर मी राजीखुशीने, आता तर उड्या मारायच्या बेतात असताना, खरा म्हणून सही करतो.

लायल एरिक ओस्टरगार्ड
हॅरो फॉल्स, दिनांक १६ मे १९७४

साक्षीदार १: लुडमिला झेलेन्का. (लिहिणारा शुद्धीवर आहे. थोडा कमी.)

साक्षीदार २: विनिफ्रेड टॉलिव्हर. मजकूर वाचला. हरकत एकच: कलम ५ मधल्या निवेदनासाठी कोणी मरायची गरज नाही. लिहिणाऱ्याने ते उद्या दुपारी, स्वतःच्या तोंडाने, जेवणघरात वाचावं. मी नेहमीच्या टेबलावर असेन. समोरची खुर्ची अडवून ठेवते.