एकदाच तडतडणाऱ्या बिया

५ मार्च

ती. काकांस,
ठिणगीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं’च्या पलीकडे जात नाही, म्हणून पत्र. आधी बसा, काकूलाही बोलवा, कारण मी फार खुशीत आहे.

सोबतच्या पिशवीत बाभळीच्या जातीतल्या बिया आहेत. सगळ्याच बाभळींच्या बिया खायच्या नसतात, काही चक्क विषारी असतात. ही जात मात्र खाण्याची, आम्ही तपासलीय. एवढ्याशा बीत डाळींच्या तोडीची प्रथिनं, भरपूर चोथा, लोह, जस्त. वर अँटिऑक्सिडंट. म्हणजे उघडं तेल खवट होतं ना, तसं काहीसं शरीरातही चालू असतं, त्याला आवर घालणारे पदार्थ. अडचण एकच. कच्च्या बीत प्रथिनं पचू न देणारंही काहीतरी असतं. भाजल्यावर ते जातं, पण आमच्या प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये बी बाहेरून करपते आणि आत कच्चीच राहते.

जन्मभर कॉफी भाजलेला माणूस घरात असताना मी ओव्हनपुढे रडत बसू का? महिनाअखेरीच्या आत समितीपुढे ह्या बियांच्या कॉफीचा नमुना ठेवायचाय. तो फसला तर माझं काम बंद. आणि कॉफी भाजायचं मशीन विकायला काढल्याचं काकू म्हणाली, ते खोटं आहे ना?

लोभ असू द्या, आणि तो नीट भाजलेला असू द्या.

तुमची ठिणगी

१२ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे नुसत्या लाह्या फुटतात. बिया भाजून पाठवतोय. कॉफी दोनदा तडतडते, पहिल्यांदा जोरात, दुसऱ्यांदा बारीक. त्या दुसऱ्या तडतडीला मी काढतो. तुझ्या बिया एकदा तडतडल्या आणि गप्प बसल्या. मी दुसरीची वाट बघत राहिलो. वास कसा आलाय ते तूच कळव.

मशीनचं खरं आहे. गिऱ्हाईक ठरलंय, महिना संपताना टेम्पो घेऊन येईल. माणसानं आपण होऊन उठावं, लोकांनी उठवायची वाट बघू नये.

वेळेवर जेवत जा. काकूचे आशीर्वाद.

काका

१६ मार्च

ती. काकांस सा. न.

पुडा उघडला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उठून खिडक्या उघडल्या. काका, कोळसा केलात हो. पचन अडवणारं गेलं, पण त्याच्याबरोबर अँटिऑक्सिडंटही निम्म्याहून जास्त गेले.

आधी मी चिडले. मग आठवलं, दाराबाहेरून नुसत्या वासावर कोणतं पोतं उघडलंय ते सांगणारा माणूस हा. त्याला मशीनपाशी उभं राहून करपल्याचा वास आला नाही? तुमचं ते वासाचं वाक्य परत वाचलं आणि काकूला फोन लावला. ती आधी टाळत होती, मग रडली. मागच्या तापापासून तुम्हाला वासच येत नाही, म्हणाली, आणि तेव्हापासून तुम्ही नुसत्या कानावर कॉफी भाजताय.

रागावू नका. एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही, असे कान आहेत कुणाचे? ह्या बिया एकदाच बोलतात. तडतड ओसरायला लागली की काढा. आणि दर खेपेला मूठभर घेऊन हुंगा, वास येवो न येवो. माझी डॉक्टर मैत्रीण म्हणते, अशा सवयीनं कधीकधी नाक परत येतं. खात्री नाही, पण कधीकधी.

राग आलाच तर काकूवर काढू नका, माझ्यावर काढा.

ठिणगी

२१ मार्च

चि. ठिणगीस आशीर्वाद.

तुझ्या काकूच्या तोंडात तीळ भिजत नाही. हा इतके दिवस भिजला हेच नवल. नाक गेलेला कॉफीवाला कुणाला तोंड दाखवणार? लाज वाटत होती गं.

आज डोळे मिटून मशीनपाशी उभा राहिलो. तडतड दाट झाली, मग विरळ होत गेली, आणि ओतल्या. तेवढ्यात तुझी काकू ओल्या हातांनी बाहेर आली आणि चॉकलेट कुणी आणलं म्हणून विचारायला लागली. लग्न झाल्यापासून हिला सगळ्या कॉफीचा वास सारखाच येतो! मग तिला खुर्चीत बसवून मुठीमागून मूठ हुंगायला लावली. एकीला कॉफीचा वास म्हणाली, एकीला भाजल्या बदामाचा. मला काही म्हणजे काही आला नाही, पण ऐकूनच तोंडाला पाणी सुटलं.

पुडा सोबत आहे. तुझं काम होऊ दे.

काका

२७ मार्च

ती. काका-काकूंस सा. न.

जिंकलो! पचन अडवणारं जवळजवळ संपलं आणि अँटिऑक्सिडंट कच्च्या बीच्या तोडीस तोड राहिले. समितीतल्या दोघांनी दुसरा कप मागून घेतला. काम पुढे चालू राहणार, आणि भाजायचं तुमच्याकडेच, असं आमच्या साहेबांनी सांगितलंय. मी मघापासून जिन्यात उड्या मारतेय.

आता त्या टेम्पोवाल्याचं काय करता ते लगेच कळवा, मला झोप नाही.

ठिणगी

१ एप्रिल

चि. ठिणगीस काकूचे आशीर्वाद.

ह्यांना लिहायला फुरसत नाही, म्हणून मी लिहितेय. टेम्पोवाला काल आला. मशीन चालू होतं. ह्यांनी मागे वळूनही न बघता हात वर करून त्याला गप्प केलं. तडतड संपेपर्यंत बिचारा उभा राहिला, बियांची कॉफी प्यायला, आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

माझी मात्र सुटका नाही. सारखं हुंग आणि सारखं सांग. आज सकाळी दूध गॅसवर ठेवलं आणि ह्यांच्यापायी दुकानात बिया हुंगत बसले. ह्यांनी एकदम मान वर केली आणि म्हणाले, दूध लागतंय बघ. मी आत धावले. खरंच लागलं होतं. तिथेच ओट्याला धरून रडले.

पातेलं ह्यांनी दुकानात नेऊन ठेवलंय. येता-जाता त्यात नाक घालतात. तू लवकर ये, तोवर मी ते घासत नाही.

तुझी काकू