घोडा घेतला, पण गवत लागणार नाही

अल्फारेटा, जॉर्जिया
ऑक्टोबर २००४

ती. वन्संना वीणाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींचा खोकला गेला, की अजूनही पाहुणे उठायचं नाव घेईनात तेव्हाच येतो? आम्ही दोघंही धडधाकट आहोत. हे आधीच लिहिते, कारण तीन आठवड्यांपूर्वी फोनवर तुमचे बंधुराज तुम्हाला "घोडा फार कडक आहे गं, अंगठा सोलवटला" असं म्हणाले आणि नेमकी लाइन तुटली. तेव्हापासून तुमच्या शंतनूच्या ईमेलवर ईमेल येताहेत. आई विचारतेय, घोडा बांधणार कुठे, गवत कोण आणणार आणि या वयात मामाला त्याच्यावर चढवणार कोण. वन्सं, आम्ही जनावर घेतलेलं नाही. रिव्हॉल्व्हरच्या मागच्या बाजूला जो खटका असतो, त्यालाही घोडाच म्हणतात. (हे वाचून तुम्हाला हायसं वाटेल असं लिहिणार होते, पण लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि तेवढी खात्री राहिली नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.)

ऑगस्टमध्ये ज्ञानदा कॉलेजला गेली आणि घर इतकं शांत झालं की फ्रिज चालू झाला तरी कोणी आलं असं वाटायचं. जेवताना आमचं बोलणं "मीठ सरकव"च्या पुढे जाईना. संध्याकाळी हे तिच्या खोलीतला दिवा लावून यायचे आणि थोड्या वेळाने मी तो बंद करून यायची. याविषयी आम्ही एकमेकांना एक शब्द विचारला नाही. शेजारच्या वॉल्टरकाकांना मात्र कुंपणापलीकडून काहीतरी दिसलं असावं. (ते सत्तरीचे आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे शांत घराची त्यांना माहिती आहे.) एका शनिवारी ते दारात आले आणि म्हणाले, "गुरू, गेट इन द ट्रक." बंधुराज कोणाचं ऐकत नाहीत हे तुम्ही जाणताच, पण ते निमूट जाऊन बसले.

वॉल्टरकाकांचा एक क्लब आहे, उत्तरेला डोंगराच्या बाजूला. तिथे चांगली नातवंडं असलेली माणसं काउबॉयची हॅट आणि कातडी जाकीट घालून लोखंडी पाट्यांवर नेम धरतात. बंदूकही जुन्या घाटाचीच लागते. दर गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि मगच चाप दाबायचा, नाहीतर ती ढिम्म हलत नाही. (प्रत्येक कामाआधी इतका विचार करायला लावणारं यंत्र तुमच्या भावासाठीच बनवलंय, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं.) घरी आले ते डोळ्यांत चमक घेऊनच. जेवताना मीठ विसरून बोलत होते, म्हणून मी काही आड आले नाही.

मग निवड सुरू झाली. दिवाणखान्याचा पडदा निवडताना यांनी घरात किती महिने उघड्या खिडक्या ठेवल्या होत्या, ते तुम्हाला आठवत असेलच. इथे तर नळीच्या लांबीपासून सुरुवात. लांब नळीचा नेम चांगला, पण हातात जड. आपल्या घराण्याचे हात लहान (हे मी नाही, तेच म्हणाले), म्हणून आखूड नळीचं, आटोपशीर, पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल वळलेली मूठ असलेलं हवं. वॉल्टरकाका म्हणत, आखूड नळीने नेम साधणं अवघड. हे म्हणत, अवघड चालेल, जड नको. दरम्यान माझं लाटणं कमरेला खोचून आरशासमोर सराव चालला होता आणि पोळ्या मी बाटलीने लाटत होते. ज्ञानदाला फोनवर हे कळल्यावर ती म्हणाली, "बाबा, आर यू ओके? आई, इज ही ओके?" खूप दिवसांनी आम्ही दोघं एकदमच हसलो.

दुकानात मी सोबत गेले, कोणीतरी शहाणं असावं म्हणून. बंधुराजांनी मंडईतली वांगी निवडावीत तसं एकेक रिव्हॉल्व्हर उचललं, तोललं, उलटं केलं आणि घोडा ओढताना होणारा टकटक आवाज कानाशी धरून ऐकला. शेवटी दुकानदाराने अगदी अदबीने विचारलं, हे तुम्हाला नेमकं कशासाठी हवंय? मला वाटलं, आता नळीवर व्याख्यान होणार. पण हे म्हणाले, "अवर डॉटर लेफ्ट फॉर कॉलेज." दुकानदाराने मान डोलावली, जणू त्याला पूर्ण उत्तर मिळालं होतं, आणि काचेखालचा आणखी एक ट्रे वर काढला. मी भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांकडे बघत राहिले.

त्या दिवशी घेतलं काहीच नाही. विकत घेण्याआधी चालवून बघा, असं ठरलं आणि पुढच्या शनिवारी वॉल्टरकाकांनी आपली दोन रिव्हॉल्व्हरं यांच्यासमोर ठेवली, एक लांब, एक आटोपशीर. लांबड्याने अंगठा सोलवटला (तोच तो फोनवरचा घोडा). आटोपशीराने मात्र काही इजा केली नाही, यांनाही नाही आणि पाट्यांनाही नाही. गोळी सुटायच्या आधी हे डोळे मिटतात, वन्सं. मागच्या मातीच्या बांधातून धूळ तेवढी उडाली. क्लबातली माणसं सज्जन आहेत. एक म्हणाले, "नाइस हॅट, गुरू."

तेव्हा काळजी नसावी. तुमच्या भावाने स्वतःसाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचा विचार पूर्णपणे सोडला आहे. शनिवारी आम्ही दोघं मिळून जातो, मोकळी हवा मिळते, वॉल्टरकाकांच्या बीन्सना मी लसणाची फोडणी देते. भाऊजींना नमस्कार, शंतनूला आशीर्वाद.

तुमची,
वीणा

ता. क. एक काम होतं. तुमच्या ओळखीच्या चपलांच्या कारागिरांकडून कातड्याचा एक रुंद कमरपट्टा करून घ्याल का? उजव्या बाजूला खिसा हवा, तळहाताएवढा खोल, वरून उघडा. कशासाठी विचारलं तर अमेरिकेत बायका मोबाइल ठेवतात म्हणून सांगा.

ता. क. बायका असं लिहून गेले, तेव्हा आता सांगूनच टाकते. माप माझ्या कमरेचं धरायचं आहे, मोजलेला दोरा सोबत ठेवलाय. यांचं झाल्यावर वॉल्टरकाका मला म्हणाले, "मॅम, युअर टर्न." मी नको नको म्हणत ते आटोपशीर हातात घेतलं आणि सगळ्या पाट्या ओळीने वाजल्या. हे कानांवर हात ठेवून बघत होते, ते हात खाली घ्यायचे विसरले. परतताना गाडीत म्हणाले, "वीणा, नळीचा माझा अभ्यास बरोबर होता, फक्त हात तुझा पाहिजे होता." दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तसंच माझ्यासाठी निवडून आणलं, तेही एका फेरीत. ते कुलपात असतं, किल्ली माझ्याकडे. लाटणंही परत मिळालं.

ता. क. हे शेवटचं, आणि रागावणार नसाल तरच वाचा. क्लबात प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं. वॉल्टरकाकांनी विचारलं, तुझ्या माहितीतली अशी कोण बाई, जिच्यासमोर मोठमोठे पुरुष गप्प होतात? माझ्या तोंडून तुमचंच नाव आलं. त्यांना ते 'वन सन' ऐकू आलं, म्हणजे एकच सूर्य, आणि फारच आवडलं. आता दर शनिवारी माझा नंबर आला की कोणीतरी ओरडतं, "वन्सं इज अप," आणि तुमचे बंधुराज सवयीने हॅट काढून ताठ उभे राहतात.